मुंबई ते टोकियो जाताना आठ तास, येताना दहा तास... आईला न्यायचंय, कोणीतरी नीट समजवा

निळी_छत्री (वर्तकनगर, ठाणे)

नमस्कार मंडळी, धागा जरा मोठा होणारे, सांभाळून घ्या. माझी धाकटी बहीण टोकियोत असते, निशी-कासाईला. तिला नुकतीच मुलगी झाली आणि डिसेंबरात मी आईला घेऊन जातेय. आई ६८ वर्षांची, शुगर आहे, दिवसातून दोनदा इन्सुलिन, गुडघे दुखतात, आणि आजवरचा सगळ्यात लांबचा विमानप्रवास म्हणजे मुंबई ते दिल्ली, तोही एकदाच.

तिकीट थेट विमानाचं काढलंय. मुंबईहून रात्री ८ ला सुटतं आणि सकाळी ७.५० ला टोकियो. येताना टोकियोहून संध्याकाळी ५ ला सुटतं, रात्री ११.२० ला मुंबई. काल आईने चष्मा लावून तिकीट वाचलं, बोटांवर मोजलं आणि म्हणाली, जाताना बारा तास आणि येताना सहाच तास, मग जाताना कुठून फिरवून नेतात का? मी नेटवर बघितलं तर तिथे लिहिलंय जाताना साधारण सव्वाआठ, येताना जवळजवळ दहा. म्हणजे सगळं उलटंच. अंतर तर दोन्हीकडे तेच, ६,७८० किमीच्या आसपास दाखवतंय. मग खरे तास किती धरायचे? मला हे नुसतं कुतूहल म्हणून नकोय, आईचं इन्सुलिन, जेवण आणि किती वेळ एका जागी बसावं लागणार हे सगळं त्या तासांवर आहे.

ऐरोलीचा_पक्षी

ताई, तिकिटावरची वेळ नेहमी त्या त्या गावच्या घड्याळाची असते. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. जाताना आकडा येतो ११ तास ५० मिनिटं, त्यातून ३.३० वजा करा, ८ तास २० मिनिटं राहिले. येताना आकडा ६ तास २० मिनिटं, त्यात ३.३० मिळवा, ९ तास ५० मिनिटं झाले. झालं. पूर्वेला जाताना वजा, पश्चिमेला येताना अधिक, एवढं लक्षात ठेवलं की कुठल्याही तिकिटाचं गणित सुटतं.

अजून एक, हे तास गेटपासून गेटपर्यंतचे असतात, हवेतले नाहीत. दार बंद होऊन विमान मागे ढकललं की वेळ सुरू आणि तिकडे जाऊन उभं राहिलं की बंद. आपल्या मुंबईत रात्रीच्या गर्दीला रनवेच्या रांगेतच वीस-पंचवीस मिनिटं जातात कधीकधी, तीही त्यातच आली.

भूगोल_बाई (वाशी)

पक्षीदादांनी गणित बरोबर सांगितलंय, मी त्याच्या मागचं कारण सांगते कारण ३२ वर्षं हेच शिकवलं. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची, मिर्झापूरजवळून जाते ती. जपानची १३५ अंशावरची, ती आकाशी नावाच्या गावातून जाते. मधलं अंतर ५२.५ अंश. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे २१० मिनिटं, बरोब्बर साडेतीन तास. आणि जपानमध्ये उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायची पद्धत नाही, त्यामुळे हा फरक बारा महिने तोच राहतो. युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांना आधी महिना बघावा लागतो, तुम्हाला ती कटकट नाही.

आता खरा प्रश्न राहतो तो ८.२० आणि ९.५० मधल्या दीड तासाचा. तो घड्याळाचा नाही, वाऱ्याचा आहे. रात्री सविस्तर लिहिते, आत्ता कुकर लावलाय.

जुना_कोपरीकर

वेळेवरून आठवलं म्हणून लिहितो. आपल्याकडे भारताची प्रमाणवेळ १९०६ साली आली तरी मुंबईने आपली वेगळी मुंबई टाईम १९५५ पर्यंत चालवली, ३९ मिनिटं मागे. माझे वडील गिरणीत होते, ते सांगायचे की घरी दोन वेळा बोलल्या जायच्या, रेल्वेची वेगळी आणि गावची वेगळी. त्यामुळे छत्रीताई, तुमच्या आईंचा गोंधळ झाला त्यात काही नवल नाही. त्यांना सांगा, एक घड्याळ पोचेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवायचं. पोटाला आणि औषधाला तीच वेळ कळते.

निळी_छत्री

कोपरीकर काका, हे फार पटलं. आईचं एचएमटीचं चावीचं घड्याळ आहे, लग्नातलं, ते तसंच ठेवते.

आणि बाई, तुमचं वाचून काल रात्री लेकाचा पृथ्वीगोल काढला. फूटभर व्यासाचा आहे. मुंबईवर बोट ठेवून टोकियोपर्यंत शिवणाचा दोरा ताणून धरला, मग पट्टीवर मोजला, १६ सेंटिमीटर. गोलाचा घेर ९४ सेंमी भरला आणि पृथ्वीचा घेर ४०,००० किमी, म्हणजे एक सेंमीला सव्वाचारशे किमी, सोळा सेंमीचे ६,८००! लेक तर नाचायलाच लागला. पण दोरा कुठून गेला ते बघून मी चाट पडले. जबलपूर, मग सिलिगुडी, मग अरुणाचलच्या कडेवरून थेट तिबेटात, मग चीन, पिवळा समुद्र, दक्षिण कोरिया आणि मग जपान. भिंतीवरच्या सपाट नकाशात रेघ मारली तर ती एवढी वर जातच नाही, म्यानमारवरून जाते. मग विमान हिमालयावरून जाणार का? आईला हे सांगू का नको, ती आधीच घाबरलीये.

सह्य_भटका (बेलापूर)

नाही जाणार, आईंना खुशाल सांगा. तुमचा दोरा गेला त्या रेघेवर नामचा बारवा आहे, ७,७८२ मीटरचं शिखर, ब्रह्मपुत्रा जिथे वळसा घेऊन खाली येते ना तिथलं. विमान ११-१२ हजार मीटरवर असतं, त्यामुळे शिखराला धडकायचा प्रश्नच नसतो. अडचण वेगळी आहे. समजा केबिनमधला हवेचा दाब गेला तर पायलटला पटकन ३,००० मीटरच्या आसपास खाली यावं लागतं, जिथे माणूस मास्कशिवाय श्वास घेऊ शकतो. डोक्यावरून जे पिवळे मास्क पडतात त्यातला प्राणवायू साधारण १२ ते २० मिनिटंच पुरतो. आणि तिबेटचं पठार सरासरी ४,५०० मीटरच्या वर, तेही शेकडो किलोमीटर पसरलेलं. खाली यायचं तर यायचं कुठे? शिवाय तिथे जवळपास उतरायला विमानतळ कमी आणि तेही प्रचंड उंचीवर.

म्हणून दक्षिणेकडून वळसा घेतात. मी दोनदा गेलोय कामासाठी, खिडकीशी बसून समोरच्या स्क्रीनवरचा नकाशा सोडलाच नाही, नागपूरच्या बाजूने कोलकाता, मग बांगलादेश-म्यानमार, मग युन्नानमधलं कुनमिंग आणि पुढे चीनच्या अंगावरून समुद्र. म्हणजे ६,७८० ही दोऱ्याची लांबी झाली, विमान प्रत्यक्षात त्याहून जास्तच उडतं. नेटवर जे अंतर दाखवतात ते दोऱ्याचंच असतं हे कोणी सांगत नाही. सकाळच्या उजेडात परत येणारं विमान असतं तर डावी-उजवी बाजू सांगितली असती, पण तुमची दोन्ही विमानं अंधारातच आहेत.

भूगोल_बाई

हं, आता वारा. आपल्या डोक्यावर साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, मराठी पुस्तकात जेट प्रवाह. विषुववृत्ताकडची हवा गरम, ध्रुवाकडची थंड, त्यात पृथ्वी फिरते, या सगळ्यातून तो तयार होतो. तापमानातला फरक जेवढा मोठा तेवढा वारा जोरात, म्हणून हिवाळ्यात तो सगळ्यात जास्त जोर धरतो. आणि जगात त्याचा जोर सगळ्यात जास्त कुठे असतो माहितीये, जपानवर! हिवाळ्यात तिबेटच्या पठारामुळे तो दुभंगतो, एक फाटा वरून, एक हिमालयाच्या दक्षिणेकडून आपल्या उत्तर भारतावरून, आणि दोन्ही पुढे जाऊन जपानजवळ एकत्र येतात. तिथे ताशी ३०० किमीचा वारा ही डिसेंबर-जानेवारीत नेहमीची गोष्ट आहे.

आता हिशोब करा. विमान हवेतून ताशी ९०० किमीने जातं असं धरू. संपूर्ण वाटेवर सरासरी १०० किमीचा वारा पाठीशी मिळाला तर जमिनीच्या मानाने वेग १,०००. ७,००० किमीला सात तास. परत येताना तोच वारा तोंडावर, वेग ८००, पावणेनऊ तास. झाला की नाही पावणेदोन तासांचा फरक? प्रत्यक्षात येताना पायलट त्या पट्ट्याला टाळून दुसऱ्या वाटेने किंवा वेगळ्या उंचीवरून येतात म्हणून थोडं वाचतं. जुलै-ऑगस्टात हा पट्टा उत्तरेला सरकतो, मंदावतो, तेव्हा जाण्या-येण्यातला फरक बराच कमी होतो.

आणि एक गोष्ट मला दरवर्षी वर्गात सांगायला फार आवडायची ती इथेही सांगते. हा वारा पहिल्यांदा नीट मोजला तो जपानमध्येच. वासाबुरो ओइशी नावाचे हवामानशास्त्रज्ञ, तातेनोच्या वेधशाळेत. ते फुगे सोडायचे आणि दुर्बिणीतून फुगा कसा वाहवत जातो ते बघून वाऱ्याचा वेग काढायचे. त्यांनी १९२६ साली अहवाल लिहिला तो एस्पेरांतो या मुद्दाम तयार केलेल्या भाषेत, जगातल्या सगळ्यांना वाचता यावा म्हणून. पण ती भाषा वाचणारेच मोजके, त्यामुळे जगाने लक्षच दिलं नाही. १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं जपानवर त्या उंचीवर गेली तेव्हा त्यांना कळलं की इथे एवढा वारा आहे. एवढं मोठं काम वीस वर्षं तसंच पडून राहिलं याचं मला आजही वाईट वाटतं.

ऐरोलीचा_पक्षी

बाई, एस्पेरांतोचं पहिल्यांदाच ऐकलं, धन्यवाद.

ताई, अजून तिकीट बदलायचं डोक्यात असेल तर थेट विमान सोडू नका. आमच्या एजंटने दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांना हॉल्टवालं तिकीट दिलं, बारा हजार वाचतात म्हणून. हॉल्ट सव्वा तासाचा. पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा, व्हीलचेअरवाला माणूस दारात यायला वीस मिनिटं, पुढचं विमान गेलं. रात्रभर म्हातारा माणूस खुर्चीवर बसून. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो किलोमीटर बघू नका, मधले तास बघा. हे मी काढलेले आकडे, सगळे दोऱ्याचे: दिल्लीवरून गेलात तर एकूण साधारण ७,००० किमी, हाँगकाँगवरून ७,२३०, बँकॉकवरून ७,६८०, सिंगापूरवरून ९,२८०. म्हणजे दिल्ली-हाँगकाँगला अंतर वाढतच नाही म्हटलं तरी चालेल, पण उतरणं, चालणं, तपासणी, पुन्हा चढणं हे आलंच, आणि गुडघेवाल्या माणसाला तेच जड जातं. घ्यायचाच झाला तर तीन तासांचा हॉल्ट घ्या, दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असलेला.

वडवली_नाका

पाकिस्तानने २०२५ मध्ये आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली त्याचा काही परिणाम होतो का यावर? माझा भाऊ लंडनहून येतो त्याला वेळ वाढलाय.

सह्य_भटका

नाही, तो पश्चिमेकडे जाणाऱ्यांना. टोकियोची वाट पूर्वेकडे आहे, संबंध नाही.

निशिकासाई_वहिनी (मूळ नेरूळ)

छत्रीताई, अगं तू तर आमच्याच गल्लीत येतेयस! निशी-कासाई म्हणजे एदोगावा भागात, इथे आपली माणसं इतकी आहेत की आईंना परकं वाटणारच नाही, तूरडाळ, पोहे सगळं मिळतं. मी सासूबाईंना तीनदा आणलंय, त्यांनाही शुगर आहे, तर अनुभवाचं सांगते.

आधी तिकिटावर बघ नारिता आहे का हानेदा. दोन्हीला टोकियोच म्हणतात. हानेदा शहराला लागून, नारिता चिबामध्ये, शहरापासून ६० किमीवर. सकाळी ७.५० ला उतरलात तरी इमिग्रेशन, सामान धरून घरी पोचेपर्यंत नारिताहून साडेदहा-अकरा वाजतील. आईंच्या पोटात तेव्हा सकाळचे सात-साडेसातच वाजलेले असतील, म्हणजे नाश्त्याची वेळ गाठता येते, हे चांगलंय.

औषधं. इन्सुलिन, पेन, सुया, ग्लुकोमीटर सगळं हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या इंग्लिशमधल्या चिठ्ठीसकट. चेक-इनच्या बॅगेत एकही गोष्ट टाकू नकोस, ती बॅग मागे राहिली तर काय करणार. जपानमध्ये डॉक्टरांनी दिलेली औषधं एक महिन्यापुरती कागदाशिवाय आणता येतात, स्वतः टोचून घ्यायच्या इंजेक्शनचंही तेच. महिन्यापेक्षा जास्त असतील तर युन्यू काकुनिन-शो नावाचा परवाना आधी काढावा लागतो. आणि सर्दीच्या गोळ्या सहज पर्समध्ये टाकतो ना आपण, त्यात स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर इथे बंदी आहे. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही तपासूनच आण.

खायचं. डिंकाचे लाडू, मेतकूट, भाजणी खुशाल आण, बाळंतिणीला लागणारच. पण ताजी फळं, भाजी, कढीपत्ता नाही, त्याला भारतातल्या कृषी खात्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि मांसाचं काहीच नाही. सासूबाईंची अळूची पानं विमानतळावर काढून घेतली तेव्हा त्या दोन दिवस हळहळत होत्या.

शेवटचं. डिसेंबरात इथे साडेचारला सूर्य मावळतो. आईंना वाटेल संध्याकाळ झाली, दिवा लावायचा, जेवायचं. आपल्याकडे तेव्हा दुपारचा एक वाजलेला असतो. पहिले दोन दिवस त्यांना चारपर्यंत बाहेर उन्हात फिरव, म्हणजे झोप लागते.

निळी_छत्री

वहिनी, डोळ्यात पाणी आलं वाचून. नारिता आहे.

डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांना सरळ तास सांगितले, घरातून साडेतीनला निघणार, आठला विमान, भारतीय वेळेने पहाटे ४.२० ला उतरणार. ते म्हणाले असे तास लिहून आणणारे पेशंट कमी असतात, बरं झालं. रात्रीचा डोस आणि सकाळचा डोस कधी आणि किती ते त्यांनी स्वतः कागदावर लिहून दिलं, येतानाचं वेगळं, कारण येताना दिवस लांबतो. कागदाला दोन रकाने केले, ठाण्याची वेळ आणि टोकियोची वेळ.

घरातून साडेतीनला निघणं फार लवकर होतं का?

वडवली_नाका

ताई, अजिबात नाही. वर्तकनगर ते टी-टू (मुंबई विमानतळाचं दुसरं टर्मिनल) अंतर पंचवीस किमीच्या आत, पण ऐरोली असो नाहीतर जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), संध्याकाळी चारनंतर काही सांगता येत नाही. मी एकदा गांधीनगर जंक्शनला पन्नास मिनिटं काढलीत. तुमच्या सात हजार किलोमीटरमध्ये या पंचवीसचाच भरवसा नाही.

जुना_कोपरीकर

उलव्याच्या नव्या, म्हणजे नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. तिथून कधी टोकियोचं विमान सुरू झालं तर आकाशातलं अंतर आहे तेवढंच राहील, पण पनवेल-नेरूळच्या माणसाला खाडीपूल ओलांडायला लागणार नाही. ठाणेकरांना मात्र तेव्हाही हिशोब करूनच निघावं लागेल.

निळी_छत्री (पाच आठवड्यांनी)

परत आलो मंडळी. सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं.

जाताना चाकं उचलल्यापासून टेकेपर्यंत ७ तास २५ मिनिटं. चीन ओलांडल्यावर स्क्रीनवर वेग बघितला, ताशी १,०९० किमी. लेकासाठी फोटो काढला. आई कोलकात्यापर्यंत जागी होती, मग डोस, थोडा पोळीचा लाडू, आणि झोपली. दर दोन तासांनी उठवून तिला मागच्या बाजूपर्यंत चालवलं, ती कुरकुरली पण चालली. उतरल्यावर शुगर १४८. नारिताला व्हीलचेअर दारातच होती.

येताना ९ तास ५ मिनिटं हवेत. सुटल्यावर तासभराने वेग ताशी ७१० दाखवत होता. आईने विचारलं एवढं हळू का चाललंय, मी म्हटलं वारा समोरून आहे. ती म्हणाली मग आपल्या बाईंनी सांगितलं तसंच झालं की. बाई, तुम्हाला ती "आपल्या बाई" म्हणते आता. ओइशींच्या फुग्यांची गोष्ट तिने तिथे बहिणीच्या शेजारणीलासुद्धा सांगितली, बहिणीने ती जपानीतून समजावली.

एचएमटीचं घड्याळ पाच आठवडे भारतीय वेळेवरच होतं. औषधासाठी ठेवलं होतं, पण दुसऱ्या दिवसापासून औषधं तिकडच्या वेळेला लागली तरी तिने ते बदलू दिलं नाही. तिकडे दुपारी साडेतीन वाजले की ते बघायची आणि म्हणायची, बाबांनी आता डबा उघडला असेल. मग फोन लावायचो. कागद अजून फ्रिजवर लावलेला आहे, कोणाला त्याचा नमुना हवा असेल तर सांगा, टाईप करून टाकते.

निशिकासाई_वहिनी

टाक गं, मार्चमध्ये सासूबाई येतायत.